एर्दिगचं घर: कोळशाच्या खाणीवर खचलेल्या हवेलीचं पुनरुज्जीवन

वेल्सच्या ईशान्य टोकाला, रेक्सम शहराच्या दक्षिणेला दोन मैलांवर एर्दिग नावाची एक विटांची हवेली आहे. १९७३ साली ती ‘नॅशनल ट्रस्ट’ या जुन्या वास्तू आणि जमिनी जपणाऱ्या संस्थेच्या ताब्यात आली तेव्हा तिच्याखालून कोळसा काढला गेल्यामुळे ती पाच फुटांपर्यंत खचलेली होती. भिंतींना भेगा गेल्या होत्या, छत गळत होतं आणि पाणी झेलायला खोल्याखोल्यांतून भांडी मांडून ठेवलेली होती. घरात वीज नव्हती. पुढच्या अंगणातलं गवत कापायला माळी उरला नव्हता, ते काम मेंढ्या करत होत्या. मालक सत्तरीकडे झुकलेले, अविवाहित, घराण्यातले शेवटचे. चार वर्षांनी, २७ जून १९७७ रोजी, याच घराचे दरवाजे लोकांसाठी उघडले, तेही त्या वेळचे युवराज चार्ल्स यांच्या हस्ते.

ब्रिटनमध्ये अशी घरं वाचणं मुळीच गृहीत धरता येत नव्हतं. दुसऱ्या महायुद्धानंतर मृत्युकर, नोकरांची टंचाई आणि दुरुस्तीचा खर्च या तिन्हींखाली शेकडो जमीनदारी घरं पाडली गेली. १९५५ हे त्यातलं सर्वांत वाईट वर्ष, त्या वर्षी दर पाच दिवसांना एक घर जमीनदोस्त होत असल्याचा हिशेब मांडला जातो. १९७४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमनं या विध्वंसावरच प्रदर्शन भरवलं, तेव्हा कुठे सामान्य लोकांना त्याचा आवाका कळला. एर्दिगचा निर्णय त्याच्या एक वर्ष आधीचा. त्यामुळे लोकमताचा फार मोठा रेटा पाठीशी होता असंही म्हणता येत नाही.

माझ्या मते हे घर उभं राहिलं त्यामागे दोन गोष्टी आहेत. अडीचशे वर्षं या घरातून कुणी काही फेकलं नाही, आणि घर राबून चालवणाऱ्या माणसांची नावं-चेहरे या घराण्यानं जपले. दुरुस्ती करणाऱ्यांनी या दोन गोष्टींची किंमत वेळेवर ओळखली. आपल्याकडे जुन्या वाड्यांच्या डागडुजीचं मनावर घेणाऱ्या प्रत्येकानं हे प्रकरण बारकाईनं पाहावं असं मला मनापासून वाटतं, म्हणून जरा तपशिलात सांगतो.

बांधणारा बुडाला

घर बांधलं जोशुआ एडिसबरी यानं. हा डेन्बीशायर परगण्याचा शेरीफ होता. मान मोठा होता, पण त्या मानाला साजेसं घर बांधण्याइतका पैसा नव्हता. चेशरमधल्या थॉमस वेब नावाच्या कारागिराशी १६८३ मध्ये करार झाला आणि १६८७ च्या सुमारास घर उभं राहिलं. रुंद, बसकं, सरळ रेषेतलं घर, फार नखरा नसलेलं. एडिसबरीनं त्यासाठी जिथून मिळेल तिथून कर्ज काढलं, आणि कर्ज देणाऱ्यांत एक नाव आपल्या ओळखीचं आहे: एलाइहू येल.

येल घराणं मूळ रेक्समच्याच पंचक्रोशीतलं. एलाइहू ईस्ट इंडिया कंपनीत चढत गेला आणि १६८७ ते १६९२ या काळात मद्रासच्या सेंट जॉर्ज किल्ल्याचा गव्हर्नर होता. तिथे त्यानं अमाप संपत्ती केली. कंपनीच्या नोकरीत राहून केलेल्या खासगी व्यापाराची ती संपत्ती, आणि त्याच्या अमदानीत मद्रासच्या बंदरातून गुलामही जहाजांवर चढवले जात होते. पुढे अमेरिकेतल्या एका कॉलेजला त्यानं माल पाठवला, त्या मालाच्या विक्रीतून आलेल्या पैशाबद्दल कॉलेजनं त्याचं नाव घेतलं, तेच आजचं येल विद्यापीठ. एर्दिगमध्ये लाखेच्या रोगणाचा एक घडीचा आडपडदा आहे, तो येलनं एडिसबरीला भेट म्हणून पाठवल्याची परंपरा घराण्यात चालत आली आहे. म्हणजे मैत्री होती, भेटी येत-जात होत्या आणि वर कर्जही होतं. ते कर्ज काही सुटलं नाही. १७०९ मध्ये एडिसबरीचं दिवाळं निघालं. येल १७२१ मध्ये वारला, त्याची कबर रेक्समच्या सेंट जाइल्स चर्चच्या आवारात आहे.

घर घेतलं लंडनच्या जॉन मेलर नावाच्या वकिलानं. हा चॅन्सरी न्यायालयातला मोठा अधिकारी होता, अविवाहित, पैशानं भक्कम आणि आवडीनिवडी पारखी. यानं दोन्ही अंगांना नव्या ओवऱ्या जोडून घर लांब केलं आणि आत लंडनच्या उत्तम कारागिरांचं सामान आणून ठेवलं: सोनेरी-रुपेरी मुलाम्याच्या चौकटीचे उंच आरसे, मखमली खुर्च्या, आणि १७२० मध्ये बनवून घेतलेला चिनी रेशमी भरतकामाचा पलंग. सामानाच्या पावत्या टिकल्या आहेत, १७२६ ची यादी टिकली आहे. त्यामुळे कुठली खुर्ची कुठल्या खोलीत होती हे तीनशे वर्षांनी सांगता येतं. जुन्या घराची दुरुस्ती करणाऱ्याला याहून मोलाचं काही मिळत नाही.

मेलर १७३३ मध्ये गेला आणि घर त्याच्या भाच्याकडे, सायमन यॉर्ककडे आलं. तिथून २४० वर्षं या घराला मालक म्हणून एक तर सायमन यॉर्क मिळाला, नाही तर फिलिप यॉर्क. दुसरं नावच नाही.

पहिल्या फिलिपचा (१७४३ ते १८०४) ठसा सर्वांत खोल आहे. पश्चिमेच्या वाऱ्यापावसानं विटा झिजत होत्या, तर त्यानं १७७० च्या दशकात वास्तुकार जेम्स वायट यांच्याकडून त्या बाजूला दगडाचा दर्शनी भाग चढवून घेतला. विल्यम एम्स या बागरचनाकाराला बोलावून भोवतालचं रान, ओढे, उतार यांची नव्या रिवाजाप्रमाणे मांडणी केली. एम्सनं ओढ्यावर बांधलेला एक गोल बंधारा अजून आहे: पाणी एका वर्तुळाकार हौदात येतं, मधल्या गोल विवरात चहूबाजूंनी कोसळतं आणि जमिनीखालून पुढे निघतं. गावकरी त्याला कप-बशी म्हणतात. त्या काळी जुन्या, सरळ रेषांच्या बागा उखडून टाकायची इंग्लंडभर लाटच होती. फिलिपनं नवं रान केलं, पण घरामागची जुनी बाग, तिचा लांबट तलाव आणि वाटा यांना हात लावू दिला नाही. काटकसर म्हणा की जिव्हाळा म्हणा, त्यामुळेच ती बाग आज आहे.

भिंतीवरची माणसं

याच फिलिपनं १७९० च्या दशकात एक असं काम केलं की ज्याला त्याच्या काळात फारसा जोड नाही. डेन्बीच्या जॉन वॉल्टर्स नावाच्या चित्रकाराकडून त्यानं आपल्या नोकरांची तैलचित्रं काढून घेतली आणि प्रत्येक चित्रावर स्वतः रचलेल्या ओळी लिहवल्या. लोहार आहे, सुतार आहे, शिकारखात्याचा रखवालदार आहे, स्वयंपाकघरातला गडी आहे. आणि जेन एब्रेल आहे, ८७ वर्षांची, हातात झाडू घेऊन. जळमटं काढण्याचं काम तिनं आयुष्यभर केलं. फिलिपच्या ओळी तिला ‘आम्हा सगळ्यांची आई’ म्हणतात.

चित्रांत कुणालाही उसना थाट चढवलेला नाही. माणसं आपापल्या हत्यारांसह आपापल्या कामाच्या जागी उभी आहेत. चित्रकला म्हणून ती फार वरच्या दर्जाची नाहीत, ओळी तर कधी कधी बाळबोध आहेत. तरीही त्यांच्यासमोर माणूस थबकतो, कारण अठराव्या शतकातल्या झाडूवाल्या बाईचं नाव, वय आणि चेहरा एकत्र मिळण्याची दुसरी जागा शोधायला फार हिंडावं लागेल.

पुढच्या पिढीनं १८३० मध्ये आणखी चित्रं काढून घेतली. मग कॅमेरा आला. १८५२ मध्ये घराच्या पायऱ्यांवर नोकरांचा समूह उभा करून फोटो काढला गेला, १९१२ मध्ये पुन्हा. प्रत्येकाच्या हातात आपल्या कामाची वस्तू. दुसऱ्या फिलिपनं (१८४९ ते १९२२) पणजोबांची पद्धत पुन्हा सुरू करून फोटोंखाली ओळी लिहिल्या. एकाच घरात सव्वाशे वर्षं ही नोंद चालू राहिली.

एका बाईचं थोडं वेगळं सांगायला हवं. एलिझाबेथ रॅटक्लिफ, घरात बेट्सी किंवा बेटी म्हणत, ही चेस्टरच्या एका घड्याळजीची मुलगी. पहिल्या सायमनच्या बायकोची, डॉरथीची, खास दासी. हिच्या बोटांत विलक्षण कला होती. १७६७ मध्ये तिनं एका चिनी मनोऱ्याची प्रतिकृती केली आणि १७७३ मध्ये पाल्मायराच्या भग्न मंदिराची, दोन्ही अभ्रक, शिंपले, काचेचे तुकडे असल्या नाजूक साहित्यात. सीरियातलं ते मंदिर तिनं पाहिलेलं असणं शक्य नव्हतं, छापील चित्रांवरून तिनं खांबाखांबाची पडझड उभी केली. डॉरथीनं मुलाला, म्हणजे फिलिपला, लिहिलं की हिला असली कामं देऊ नकोस, नाहीतर ती माझ्या काही उपयोगाची राहणार नाही. कलावंत घडत होती आणि मालकिणीला दासी हवी होती. दोन्ही प्रतिकृती आजही घरातच आहेत.

या मायेच्या चित्राला आणखीही कडा आहेत, आणि त्या झाकून एर्दिगची गोष्ट सांगणं बरोबर होणार नाही. नोकरांच्या चित्रांत एक चित्र कृष्णवर्णीय मुलाचं आहे, हातात तुतारी घेतलेल्या गाडीवान पोराचं. त्यावर फिलिपच्या ओळी आहेत, आणि या मुलाची माहिती आपल्याकडे तोकडीच आहे, असं तो त्यातच कबूल करतो. बाकीच्यांना नाव, वय, कुळकथा, या मुलाला नुसता रंग. दुसरा प्रसंग १९०७ चा. स्वयंपाक आणि घरव्यवस्था दोन्ही सांभाळणाऱ्या एका बाईवर मालकिणीनं मोठ्या रकमेच्या अफरातफरीचा आरोप ठेवला. पोलीस आले, खटला उभा राहिला आणि बाई निर्दोष सुटली. घराण्याच्या आठवणींत मात्र ती बरीच वर्षं चोरच राहिली. ज्या घरानं नोकरांची चित्रं भिंतीवर लावली त्याच घरात हेही घडलं. कुणाची गोष्ट लिहायची आणि कशी लिहायची हे ठरवण्याचा अधिकार शेवटपर्यंत मालकाकडेच होता.

आपल्याकडे पेशवे दफ्तरात आचारी, पाणके, माळी, मशालजी यांच्या नावांच्या आणि पगाराच्या नोंदी आहेत, अभ्यासकांनी त्यांचा उपयोगही केला आहे. पण गावोगावच्या वाड्यांत ती नावं कोण सांगणार? वाड्याचा इतिहास म्हणून जे छापलं जातं त्यात वतनदाराची वंशावळ असते, सनदेची नक्कल असते, दिवाणखान्याच्या छताचं वर्णन असतं. विहिरीचं पाणी पंचावन्न वर्षं शेंदणाऱ्या बाईचं नाव कुठेच नसतं. आणि ते विचारायचं तर आजच विचारावं लागेल, कारण ते माहीत असणारी माणसं नव्वदीत आहेत.

जमीन बसू लागली

पहिल्या महायुद्धानंतर नोकर मिळेनासे झाले. १९२२ मध्ये दुसरा फिलिप गेला तेव्हा वारस सायमन एकोणीस वर्षांचा होता. हा चौथा सायमन. त्यानं लग्न केलं नाही, माणसांत मिसळणं हळूहळू सोडून दिलं. घरात वीज घेतली नाही, टेलिफोन घेतला नाही. एकेक खोली बंद होत गेली.

परिसर कोळशाचा. एर्दिगच्या पश्चिमेला बर्शमची खाण. १९४७ मध्ये ब्रिटनमधल्या खाणींचं राष्ट्रीयीकरण झालं आणि सरकारी कोळसा मंडळानं घराच्या थेट खालून कोळसा काढला. मोठ्या इमारतीखाली कोळशाचा आधार राखून ठेवण्याची पद्धत खाणकामात जुनी आहे. इथे तो आधार राहिला नाही, आणि एकांतवासी सायमननं त्यासाठी नेटानं झगडाही दिला नाही.

खाणीमुळे घर खचतं म्हणजे काय होतं हे समजून घ्यावं. कोळशाचा थर निघाला की वरचा खडक त्या पोकळीत बसतो आणि तो बसण्याचा परिणाम शेकडो फूट वर जमिनीपर्यंत येतो. जमीन सगळीकडे सारखी खाली गेली असती तर घराला फार इजा झाली नसती. ती मध्ये जास्त आणि कडेला कमी बसते. एर्दिगसारखं लांबलचक घर अशा जमिनीवर वाकतं. विटांची भिंत दाब सोसते, ताण सोसत नाही. मग खिडक्यांच्या कोपऱ्यांतून भेगा निघतात, दारं चौकटीत अडकतात. आणि पन्हळींचा उतार बिघडतो. ज्या पन्हळीतून पाणी बाहेर जायचं तिच्यात ते साचतं, कठड्याच्या आत झिरपतं, लाकडी तुळयांची टोकं कुजवतं. भेगा डोळ्यांना दिसतात म्हणून सगळे त्यांच्याकडे बघतात, घराचा घास मात्र बहुतेक वेळा पाणी घेतं. एर्दिगमध्ये तेच झालं. राजेशाही शयनगृहाचं छत भिजलं आणि खाली मेलरचा चिनी भरतकामाचा पलंग.

१९६६ मध्ये सायमन वारला. घर धाकट्या भावाकडे आलं, तिसऱ्या फिलिपकडे. हा अगदी दुसऱ्या टोकाचा गृहस्थ. केंब्रिजला शिकलेला, नाटक कंपनी चालवलेला, सहलींच्या बस हाकलेला, करवतीवर धनुकली फिरवून गाणी वाजवणारा, उंच चाकाच्या जुन्या सायकलीवर बसणारा. चोरांच्या भीतीनं तो आळीपाळीनं वेगवेगळ्या खोल्यांत झोपत असे. पैसा जवळजवळ नव्हता. मोठ्या किमतीच्या दोन-चार वस्तू लिलावात विकून छत शाकारता आलं असतं, तसा सल्ला देणारेही कमी नसणार. त्यानं काहीही विकलं नाही.

आणि हीच त्याची ट्रस्टला अट होती. घर देतो, जमीन देतो, पण आतलं सगळं सामान घरातच राहिलं पाहिजे. फक्त मेलरचे आरसे नव्हेत. तुटक्या छत्र्या, मोडकी खेळणी, इस्त्र्या, पाटा-वरवंट्याच्या तोडीची स्वयंपाकघरातली अवजारं, घंटांच्या तारा, आगीचे बंब, सायकली, हिशेबाच्या वह्या, सगळं. आजच्या मोजणीत हा संग्रह तीस हजार वस्तूंचा भरतो, ट्रस्टच्या सर्वांत मोठ्या संग्रहांत त्याची गणना होते. एखाद्या कलातज्ज्ञाला निवड करायला सांगितली असती तर त्यानं तीनशे वस्तू ठेवून बाकी भंगारात दिल्या असत्या. ट्रस्टनं सहा-सात वर्षं विचार केला. घर खचलेलं, जवळ पैसा नाही, शेजारी खाणीतल्या टाकाऊ दगडमातीचे ढीग. कचरण्यासारखंच होतं. १९७३ मध्ये देणगीपत्र झालं.

कामाचा क्रम

कोळसा मंडळाकडून भरपाई म्हणून १,२०,००० पौंड मिळाले. त्यातून पायाखाली नवा आधार घातला, भेगा सांधल्या, छताचं काम झालं. नवीन बसणी थांबवल्याशिवाय वरच्या भेगा बुजवण्यात अर्थ नसतो, त्या पुन्हा उघडतात. आधी पाया, मग छत, मग भिंती, सगळ्यात शेवटी खोल्या. आपल्याकडे हा क्रम नेमका उलटा होताना मी पाहिला आहे: दर्शनी भागाला रंग आधी, कौलांचं नंतर बघू. दोन पावसाळ्यांत रंग पोपड्यांसकट खाली येतो.

पलंगाचं रेशीम व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमच्या कारागिरांकडे गेलं. धाग्याधाग्यानं त्याला आधार देऊन ते टिकवलं गेलं. नवं रेशीम आणून हुबेहूब पलंग करणं सोपं होतं, पण १७२० मध्ये टाकलेले टाके नव्या रेशमावर कुठून आणणार?

सर्वांत धाडसी निर्णय मात्र गवंडीकामाचा नव्हता. प्रेक्षकांना घरात कुठून न्यायचं, हा होता. त्या काळी अशा घरात पाहुणा समोरच्या पायऱ्यांनी शिरायचा, दिवाणखाना, जेवणाची खोली, ग्रंथालय पाहायचा आणि निघायचा. जमलं तर शेवटी स्वयंपाकघराकडे एक नजर. ट्रस्टचे वेल्समधले जुन्या वास्तूंचे अधिकारी मर्लिन वॉटरसन यांनी घरातली चित्रं, फोटो, ओळी, वह्या वाचल्या आणि या घराची खरी श्रीमंती मागच्या अंगाला आहे असं ठरवलं. म्हणून वाट मागून काढली. सुताराची शेड, करवतीचा खड्डा, लोहाराची भट्टी, घोड्यांची पागा, गाड्यांची छपरी, धुणीघर, भटारखाना, स्वयंपाकघर, नोकरांचं जेवणघर, आणि मग तिथून वर, मालकाच्या खोल्यांत. जेन एब्रेलला भेटल्यानंतर तुम्ही तिनं झाडलेल्या दिवाणखान्यात पाऊल टाकता. मेलरचे आरसे तेच राहतात, पण त्यांच्याकडे बघताना ते पुसणारा हात आपोआप मनात येतो.

शेडी आणि भट्ट्या नुसत्या बघायला ठेवल्या नाहीत. दुरुस्तीच्या काळात त्या कामाला लागल्या, घराचं लाकूडकाम घराच्याच आवारात झालं. वॉटरसन यांनी पुढे १९८० मध्ये इथल्या नोकरांच्या जेवणघरावर पुस्तक लिहिलं. आज ब्रिटनमधल्या बहुतेक मोठ्या घरांत तळघरातली स्वयंपाकघरं दाखवतात, नोकरांच्या गोष्टी सांगतात. ते इतकं रूढ झालं आहे की कधीकाळी हे कुणाला सुचलंही नव्हतं यावर विश्वास बसत नाही. एर्दिग त्या बदलाच्या अगदी सुरुवातीला उभं आहे.

बऱ्याच खोल्यांत आजही विजेचे दिवे नाहीत. ढगाळ दिवशी चित्रं नीट दिसत नाहीत, लोक कुरकुरतात. मला तो निर्णय पटतो. रंगांना आणि रेशमाला उजेडाचा त्रास होतो हे एक, आणि ज्या घरात तारा कधी टाकल्याच गेल्या नाहीत तिथे आपल्या सोयीसाठी भिंती फोडणं हे दुसरं.

बागेसाठी आधार मिळाला तो थॉमस बॅडस्लेडच्या चित्राचा. त्यानं काढलेलं एर्दिगचं उंचावरून पाहिल्यासारखं दृश्य १७४० च्या सुमारास छापलं गेलं, त्यात वाटा, तलाव, झाडांच्या रांगा स्पष्ट आहेत. पहिल्या फिलिपनं बाग मोडली नव्हती, ती रानात बुडाली होती इतकंच. तेव्हा झाडोरा काढत गेल्यावर जुनी रेघ सापडत गेली. भिंतींना लावलेल्या फळझाडांची अठराव्या शतकातली यादीही कागदपत्रांत होती, तिच्या आधारे जुन्या जाती पुन्हा लावल्या. सफरचंदाच्या दीडशेहून अधिक जाती आज तिथे आहेत आणि दर शरद ऋतूत त्यांचा उत्सव भरतो.

तिसरा फिलिप हे सगळं उघडलेलं बघून गेला. १९७८ मध्ये चर्चमध्ये असतानाच तो कोसळला. घराण्याचा तोच शेवट. बर्शमची खाण १९८६ मध्ये बंद झाली.

पैशाची बाजू

भरपाईची रक्कम पाया आणि छतासाठी होती. पण घर उघडणं एक, ते दर वर्षी चालवणं दुसरं. पहारा, साफसफाई, झाडं, छताची तपासणी, कागदांची निगा, हा खर्च कधीच संपत नाही. तिकिटातून तो निघत नाही. मग ट्रस्टनं इस्टेटीचा रेक्सम शहराकडचा एक भाग घरबांधणीसाठी विकला. त्याचे दहा लाख पौंडांच्या आसपास आले आणि त्यावर पुढचं सगळं उभं राहिलं. रेक्सममध्ये यावरून नाराजी होती. जी जमीन राखली जावी म्हणून लोक अशा संस्थेकडे बघतात तिनंच जमीन विकावी, हा आक्षेप पोकळ नव्हता. विकलेल्या जागेवर घरं झाली, ती जागा आता परत मिळणार नाही. उरलेलं सुमारे १,२०० एकरांचं रान मात्र लोकांना फिरायला खुलं आहे आणि रेक्समची माणसं रोज तिथे कुत्री घेऊन, मुलं घेऊन येतात.

मी हा सौदा योग्य मानतो. जमिनीचा तुकडा विकला, पण घरातली एकही खुर्ची विकली नाही. आपल्याकडे वाड्यांचं जे होतं ते याच्या उलट: आधी नक्षीचे खांब आणि दरवाजे जुन्या वस्तूंच्या बाजारात जातात, मग आतली भांडी, मग दफ्तराची रद्दी, आणि शेवटी रिकाम्या कवचासमोर बसून कुटुंब विचार करतं की आता याचं काय करायचं. त्या वेळेला वाचवण्यासारखं थोडंच उरलेलं असतं. भाऊबंदकीचे वाटे, कूळकायद्यात गेलेल्या जमिनी, भाडेकरू, आणि एवढी मोठी जबाबदारी घेऊ शकणारी संस्था नसणं, या आपल्या अडचणी खऱ्या आहेत आणि वेल्समधल्या घराकडे बोट दाखवून त्या सुटणार नाहीत. पण यादी करायला संस्था लागत नाही. वाड्यातल्या प्रत्येक वस्तूचा फोटो, ती कुठे होती, कोण वापरत असे, त्या माणसाचं पूर्ण नाव काय, गाव कुठलं, वाड्यावर किती वर्षं होता. एवढं एका कुटुंबाला एका उन्हाळ्याच्या सुट्टीत करता येतं, आणि पुढे वाड्याचं काहीही झालं तरी ती वही हाताशी राहते. मेलरची १७२६ ची यादी नसती तर एर्दिगच्या निम्म्या खोल्या अंदाजानं मांडाव्या लागल्या असत्या.